दिवे घाट चढल्यापासून टेम्पो थरथरतोय, इंजिन उघडू का?

हडपसरच्या पुढे मांडव-लायटिंगचा व्यवसाय करणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांचा २०१८ चा चौदा फुटी टेम्पो आहे. चार सिलिंडर, कॉमन रेल (पंप एका सामाईक नळीत जबर दाबाने डिझेल साठवतो, तिथून ते सगळ्या सिलिंडरना जातं), बीएस-४ (प्रदूषणाचं मानक). मे महिन्यात जेजुरीच्या एका लग्नासाठी मांडवाचं सामान भरून, मागे जनरेटरची ट्रॉली जोडून धाकटा भाऊ भर दुपारी दिवे घाट चढला. मधे वाहतूक अडकली, गाडी चढावरच रखडत राहिली. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर गेला, पण लालला टेकला नाही. माथ्यावर थांबून भावाने इंजिन गार होऊ दिलं, अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी टाकलं आणि जेजुरी गाठली.

तेव्हापासून गाडीचं लक्षण बदललं आहे. सकाळी थंड इंजिन लगेच सुरू होतं. पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर सिग्नलला उभी राहिली की केबिन थरथरते, आरशात मागचं नीट दिसत नाही. ॲक्सिलरेटर दिला की थरथर जाते. चढाला पिकअप जरा कमी वाटतो. चेक लाइट लागलेला नाही. गरम असताना बंद करून पुन्हा सुरू करायचं तर स्टार्टर बराच वेळ मारावा लागतो. डिझेल एका वेळी हजार-पंधराशेचंच टाकायची सवय आहे आणि डिझेल फिल्टर गेल्या दिवाळीत बदलला होता. एक गॅरेजवाला म्हणतो, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालची, पाणी आणि सिलिंडरमधला वायू वेगळा ठेवणारी पट्टी) गेलंय, इंजिन उघडावं लागेल. दुसरा म्हणतो, चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) बदला. घरचे जुने ड्रायव्हर मामा म्हणतात, फिल्टर टाका, बाकी काही नाही. वाचक विचारतात: कोणाचं ऐकू? हंगाम संपेपर्यंत गाडी अशीच चालवू का? आणि खर्च भावाच्या हिश्शातून कापू का?

नमस्कार.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोन्हींचा गुंता तिथेच आहे. तुम्ही असं धरून चालला आहात की घाटाआधी गाडी ठणठणीत होती आणि भावाने ती घाटात बिघडवली. मग गॅरेजमध्येही तुम्ही गोष्ट त्याच क्रमाने सांगितली असणार: भाऊ, घाट, काटा वर, पाणी टाकलं. एवढं ऐकल्यावर दहातले नऊ मेकॅनिक बॉनेटला हात न लावता गॅस्केट म्हणतील. दुसऱ्याकडे बहुधा थरथर आधी सांगितली, म्हणून तो नोझलवर गेला. दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांनीही तुमची गोष्ट तपासली, गाडी तपासायची राहिली.

उन्हात, भरलेल्या गाडीने, मागे टनाच्या पुढचं वजन ओढत दिवे घाट चढणं हे साधं काम नाही. माउलींच्या रथालाही तिथे जादा बैलजोड्या जोडाव्या लागतात. अशा ओढीत एखादा चांगला भाग मोडू शकतो, नाही असं नाही. पण आधीपासून झिजत आलेला भाग त्या दिवशी उघडा पडतो, असंच जास्त वेळा घडतं. तुमच्या बाबतीत यातलं कुठलं झालं ते तपासणीतून कळेल. तोवर भावाच्या हिश्शाचा विषय बाजूला ठेवा.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: गरम असताना स्टार्टर जास्त मारावा लागतो. तिच्याकडे येतोच. पण त्याआधी त्या अर्ध्या लिटर पाण्याचा हिशोब लावू, कारण तुमच्या सगळ्या लक्षणांत इंजिन कायमचं बसवू शकणारं तेवढंच एक आहे.

पाणी गेलं म्हणजे गॅस्केटच गेलं असं नाही. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण आत साधारण एक बारचा (म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा) जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मेली की दाब सुटतो, आणि काटा लालला न टेकताही पाणी उकळून बाहेर पडतं. झाकण मिळतं काही शेकड्यांत आणि बदलायला एक मिनिटही लागत नाही. याशिवाय पाइपची ढिली क्लिप आहे, वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून होणारी झिरप आहे. आणि कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरायची सवय असेल (फुरसुंगी-वाघोली पट्ट्यात ती घरोघरी आहे), तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचून त्या अर्ध्या बुजलेल्या असू शकतात. असं इंजिन सपाट रस्त्यावर कुरकुर करत नाही, घाटात करतं.

तरी अंदाजावर सोडू नका. उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडा. गरम इंजिनचं झाकण कुणीही, कधीही उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. पाणी काठोकाठ भरा, झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं पाण्याकडे बघत उभे राहा. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा येऊन थांबला तर ती आत अडकलेली हवा. बुडबुडे एकामागून एक येतच राहिले आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. दुसरी खूण अशी: झाकण लावून थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच रेडिएटरचा वरचा होज हाताला दगडासारखा लागला, तर तो दाब उष्णतेचा नसतो, एवढ्या लवकर पाणी तापत नाही. तिसरी, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालंय का. ऑइलच्या झाकणाखाली जरासा पिवळट साय असेल तर मात्र घाबरू नका, कमी अंतर चालणाऱ्या गाड्यांत पावसाळ्यात ती ओलाव्यानेही धरते.

खात्री हवी असेल तर गॅरेजमध्ये दोन चाचण्या होतात. हातपंपाने पाण्याच्या यंत्रणेत दाब भरून तो उतरतो का ते बघणं, ही एक. दुसरीत रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी लावतात. आतून जळका वायू येत असेल तर द्रावणाचा रंग बदलतो. हेड उघडण्याआधी या दोन्ही करून घ्या असा माझा आग्रह आहे. आणि बुडबुडे नाहीत, बाहेर थेंब नाही, तरी पाणी रोज कमी होतंय आणि सकाळी पांढरा धूर येतोय असं असेल, तर ईजीआर कूलर (जळका वायू पुन्हा इंजिनात सोडण्याआधी पाण्याने गार करणारा भाग) तपासायला सांगा. त्याला चीर गेली की पाणी थेट जळणाच्या वाटेला लागतं, लक्षणं गॅस्केटसारखीच दिसतात, आणि हेड उघडून बसवल्यावरही पाणी जातच राहतं. असे दुहेरी खर्च कितीतरी लोकांनी केले आहेत.

तुमच्याकडे मात्र घाटानंतर पुन्हा पाणी टाकावं लागल्याचा उल्लेख नाही. सकाळी थंड इंजिन गुळगुळीत चालतं. गॅस्केटमधून रात्रभर सिलिंडरमध्ये पाणी झिरपलं असतं तर सकाळी पहिल्या मिनिटाला मिसिंग (एखाद्या सिलिंडरचा ठोका चुकणं) आणि पांढरा धूर दिसला असता, नंतर तो कमी झाला असता. तुमचं नेमकं उलट आहे. म्हणून पाण्याच्या चाचण्या निर्मळ आल्या तर गॅस्केटवाल्याला नम्रपणे थांबवा.

आता स्टार्टर. कॉमन रेल इंजिनात चावी फिरवल्यावर पंप आधी रेलमध्ये दाब तयार करतो. तो साधारण २०० बारच्या आसपास गेल्याशिवाय ईसीयू (इंजिनचा संगणक) नोझल उघडतच नाही. गाडी न्यूट्रलला चालताना हा दाब तीनशेच्या आगेमागे असतो आणि पूर्ण ओढीत १,६०० बारपर्यंत जातो. नोझल आतून झिजलं की थोडं डिझेल सिलिंडरमध्ये न जाता परतीच्या नळीने टाकीकडे पळतं. डिझेल थंड असताना जरा दाट असतं, पळण्याचं प्रमाण कमी राहतं. तापलं की पातळ होतं आणि गळती वाढते. स्टार्टर मारताना पंप सावकाश फिरतो, त्यात ही गळती, म्हणून दाब जमायला वेळ लागतो. न्यूट्रलला दाब कसाबसा टिकतो, एखाद्या सिलिंडरला डिझेल कमी-जास्त मिळतं, गाडी थरथरते. ॲक्सिलरेटर दिला की पंप इतकं डिझेल देतो की गळती झाकली जाते. सकाळी ठीक, गरम झाल्यावर थरथर, ॲक्सिलरेटरला साफ, पुन्हा सुरू करायला जड: तुमची चारही लक्षणं या एका धाग्यात बसतात. म्हणून माझा कल डिझेलच्या बाजूला आहे.

पण ‘डिझेलची बाजू’ म्हणजे ‘चारही नोझल’ नव्हे. त्याआधी स्वस्त कारणं निकालात काढायची आहेत, आणि इथे मामांचं म्हणणं मी वरच्या फळीवर ठेवतो. दिवाळीपासून मेपर्यंत हंगामाच्या धंद्यात गाडी किती पळाली असेल! फिल्टर बदला, त्याच्या तळाचं पाणी काढा आणि जुना फिल्टर फेकून देण्याआधी पांढऱ्या ट्रेमध्ये रिकामा करा. तळाला वेगळं दिसणारं पाणी, गंजाची लाल पूड किंवा काळा चिकट गाळ आला तर टाकी साफ करावी लागेल. धातूचे चमचमणारे कण दिसले तर लगेच थांबा. तो पंप आतून झिजल्याचा पुरावा आहे, आणि तशा अवस्थेत नवी नोझल टाकली तर तीही त्याच कणांनी खराब होतील.

हजार-पंधराशेच्या डिझेलची सवयही इथेच आडवी येते. पंपातून आणि नोझलमधून परत आलेलं डिझेल तापलेलं असतं, ते टाकीत जाऊन पडतं. टाकी भरलेली असेल तर त्या साठ्यात उष्णता विरते. तळाला थोडंच डिझेल असेल तर तेच तेच फिरत राहून तापत जातं. शिवाय घाटात गाडी कललेली, टाकी उणी, म्हणजे ओढनळी कधी हवा घेते तर कधी तळाचा गाळ. तेव्हा एक फुकटची चाचणी करा: टाकी पाऊणच्या वर भरा (डिझेल काही वाया जाणार नाही) आणि नेहमीचा रस्ता चालवा. थरथर उशिरा सुरू झाली किंवा कमी झाली, तर डिझेलच्या तापण्याचा यात हात आहे. दुसरी फुकटची चाचणी म्हणजे थरथर चालू असताना टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि गाडी सुधारली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. हसू नका, एवढ्याशा भोकापायी लोकांनी पंप उतरवले आहेत.

यानंतर हवा. फिल्टरपासून पंपापर्यंतच्या रबरी नळ्या उष्णतेने मऊ पडतात, टोकाला केसासारख्या चिरा जातात. तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, म्हणून जमिनीवर डाग दिसत नाही. मेकॅनिकला पंपाआधी वीतभर पारदर्शक नळी जोडायला सांगा आणि गाडी गरम होऊन थरथरू लागली की नळीकडे बघा. बुडबुड्यांची माळ धावताना दिसली तर फिल्टरच्या वरचा हातपंप, त्याची रबरी रिंग आणि नळ्यांचे सांधे, एवढंच बघायचं.

इथपर्यंत सगळं साफ निघालं की मग नोझलची परतीची चाचणी. चारही नोझलच्या परतीच्या नळ्या काढून त्या जागी चार पारदर्शक नळ्या आणि चार सारख्या बाटल्या लावतात, इंजिन न्यूट्रलला काही मिनिटं चालवतात आणि कुठल्या बाटलीत किती डिझेल जमलं ते बघतात. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत निम्मी बाटली असं दिसलं की बोलायचं कारणच उरत नाही. अट एकच, ही चाचणी इंजिन पूर्ण गरम असताना करायची. थंड इंजिनावर तुमची चारही नोझल कदाचित पासच होतील.

एक गंभीर सूचना. जुन्या पंपाच्या गाड्यांत मिस्त्री एकेका नोझलचा नट ढिला करून मिसिंग कुठल्या सिलिंडरला आहे ते ओळखायचे. कॉमन रेलमध्ये हा प्रयोग चालू इंजिनावर कुणालाही करू देऊ नका. तुमच्या टायरमध्ये सहा-सात बार हवा असते. इथे सूक्ष्म चिरेतून शेकडो बारने निघालेली डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. वरून सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत बोट किंवा हात जायची वेळ येते. असं कधी झालंच तर मलम न लावता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठायचं. कॉमन रेलमध्ये सिलिंडर ओळखायचं काम स्कॅनर करतो.

स्कॅनरबद्दल थोडं जास्त सांगतो. ‘लाइट लागला नाही म्हणजे कोड नाही’ हा समज काढून टाका. काही बिघाड ईसीयूच्या आठवणीत बसून राहतात, दिवा पेटवत नाहीत. स्कॅनर लावल्यावर पहिलं काम म्हणजे सगळे कोड लिहून घेणं किंवा मोबाइलवर फोटो काढणं. बरेच जण आधी सगळं पुसतात आणि ‘बघू परत येतंय का’ म्हणतात. तुमचा पुरावा तिथेच गेला. कोडपेक्षाही मोलाचे चालू आकडे, आणि तेही गाडी थरथरत असताना घेतलेले. रेलचा मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब किती, चारही सिलिंडरना ईसीयू डिझेल किती कमी-जास्त करून देतोय, डिझेलचं तापमान किती, ईजीआर व्हॉल्व्ह किती उघडा. ईसीयू एखाद्या सिलिंडरला इतरांपेक्षा खूप जास्त डिझेल देऊन सांभाळून घेत असेल तर ते त्या आकड्यांत लगेच दिसतं. आणि स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा हलतो का तेही बघा. बऱ्याच गाड्यांत तो थोडा उचलतो. गरम असताना तो मेल्यासारखा पडून राहिला, तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा भाग) उष्णतेने दगा देतोय का ते तपासायला हवं.

ईजीआर व्हॉल्व्हचं नाव घेतलंच आहे तर तेही. थंड इंजिनात तो बंद असतो, गरम झाल्यावर काम सुरू करतो. काजळीने उघडा अडकला तर तीच ‘सकाळी ठीक, नंतर थरथर’ अशी तक्रार येते. फक्त तेव्हा काळा धूर दिसतो आणि गरम असताना सुरू व्हायला एवढी अडचण येत नाही. रात्री कुणाला तरी मागच्या गाडीचे दिवे लावून तुमच्या धुराकडे बघायला सांगा. दिवसा काळा धूर भल्याभल्यांना दिसत नाही. ओढीत काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज असेल तर टर्बो ते इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा) होज फाटलाय का ते बघा. तुमचा चढावरचा कमी पिकअप त्यातूनही आलेला असू शकतो.

आणि एक शंका, जी दोन्ही गॅरेजवाल्यांनी घेतलेली दिसत नाही. थरथर इंजिनात आहे की फक्त केबिनमध्ये? चढावर क्लच सोडताना, मागून ट्रॉलीची ओढ असताना इंजिनच्या फाउंडेशनवर (इंजिन ज्या रबरी बैठकांवर टेकतं त्यांच्यावर) भलताच ताण येतो. रबर फाटलं की उत्तम चालणारं इंजिनही केबिन हलवून सोडतं. ओळखायला सोपं आहे. गाडी थरथरत असताना सायलेन्सरच्या टोकाशी वहीच्या कागदाची लांब पट्टी धरा. ती एका लयीत फडफडत राहिली तर चारही सिलिंडर काम करताहेत, फाउंडेशन बघा. मधेच एक ठोका चुकून पट्टी आत ओढल्यासारखी झाली, तर इंजिनच मिस मारतंय. फाउंडेशनमुळे स्टार्टर जड होत नाही हे खरं, पण दोन दुखणी एकाच वेळी असू नयेत असा काही नियम नाही.

गॅरेजवाल्याशी बोलायचं कसं? आपण सगळेच दारात उभे राहून ‘आज मिळेल ना?’ विचारतो आणि तपासणीचे पैसे म्हटलं की कपाळाला आठ्या घालतो. मग तो पार्ट बदलून पैसे काढतो. त्याचं तरी काय चुकलं? तुम्ही उलटं करा. सांगा की दुरुस्तीचं नंतर बघू, आधी तपासणीचे पैसे वेगळे देतो. गाडी गरम करून स्कॅनरचे आकडे आणि बाटल्यांचा फोटो मला पाठवा. जो हे काम हसत घेईल त्याच्याकडे गाडी द्या. नोझल काढायचीच वेळ आली तर कुठलं कुठल्या सिलिंडरचं यावर खूण करायला सांगा आणि पंप-नोझलवाल्याकडून टेस्ट बेंचचा रिपोर्ट कागदावर घ्या, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा. एक खराब निघालं तर एकच करा. बाकीची तीन मर्यादेच्या काठावर असतील तर मात्र पुन्हा पुन्हा खोलण्यापेक्षा एकदाच उरकणं बरं पडतं. नवं नोझल टाकल्यावर त्याच्या डोक्यावरचा कोड ईसीयूत भरावा लागतो. बऱ्याच गाड्यांत तो न भरल्यामुळेच नवी नोझल टाकूनही थरथर राहते. नोझलखालचा तांब्याचा वॉशर नवाच हवा. जुना परत बसवला तर बुडाशी गॅस सुटते, ‘चफ चफ’ आवाज येतो आणि भोवती डांबरासारखा थर जमतो. ते आत्ताच तुमच्याकडे दिसतंय का, तेही बॉनेट उघडलंच आहे तर बघून घ्या.

हंगाम संपेपर्यंत चालवायचं का? पाण्याच्या चाचण्या साफ आल्या, पाणी स्थिर राहिलं, काटा जागेवर असला, तर गावातल्या गावात अर्ध्या भाराने चालवायला हरकत नाही. ट्रॉली जोडायची नाही आणि घाट नाही. तारखा घेतल्या आहेत हे समजतं. लांबच्या दोन-चार तारखांना टेम्पो भाड्याने घ्या, इंजिनच्या कामापुढे तो खर्च किरकोळ आहे. रोज सकाळी पाणी आणि ऑइल बघा. ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला, किंवा पांढरट धुराबरोबर एका सिलिंडरमधून टकटक ऐकू येऊ लागली, तर त्या क्षणी गाडी बंद करा. नोझल उघडं अडकून डिझेल ओतत असेल तर पिस्टन वितळतो, आणि मग खरंच इंजिन उघडावं लागतं.

आता भाऊ. तुम्ही लिहिलंय त्यावरून त्याने काटा बघितला, लालला टेकण्याआधी गाडी थांबवली, इंजिन गार होऊ दिलं आणि मगच पाणी टाकलं. यात मला हलगर्जीपणा दिसत नाही. भर दुपारी निघायचा बेत कुणाचा होता, टाकीत डिझेल किती ठेवायचं हे कोण ठरवतं, फिल्टरची तारीख कोण सांभाळतं, हे तुम्ही स्वतःलाच विचारा, मला कळवू नका. टेम्पो धंद्याचा आहे, खर्च धंद्याच्या खात्यावर टाका. आणि तपासणीला त्यालाच गाडीबरोबर पाठवा. घाटात काय काय झालं, कुठला गिअर होता, कुठला वास आला, हे त्याच्याइतकं कुणी सांगू शकणार नाही, आणि अंगावर आळ असलेला माणूस अशा गोष्टी पूर्ण सांगत नाही.

ज्या वाचकांच्या गाड्या बीएस-६ आहेत त्यांच्यासाठी एवढंच: अधूनमधून उभ्या गाडीचा आरपीएम आपोआप वाढणं, पंखा जोरात फिरणं, आवाज बदलणं हे बहुतेक वेळा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जाळत असल्याचं लक्षण असतं. ते चालू असताना इंजिन बंद करू नका, दर वेळी मधेच बंद केलं की पुढचं दुखणं ओढवून घ्याल. जुन्या पंपाच्या गाडीवाल्यांना स्कॅनर नाही, पण फिल्टर, हवा, टाकीचं झाकण आणि कागदाची पट्टी हे सगळं तसंच लागू आहे.

पुढच्या उन्हाळ्यात ट्रॉली घेऊन घाट चढायचाच असेल तर पहाटे निघा, टाकी निम्म्याच्या वर ठेवा. गिअर वेळेआधी उतरवा. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवलं तर पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही मंद फिरतात आणि गाडी तापते. काटा चढू लागला तर हीटर पूर्ण उघडा, उकडेल पण इंजिनची थोडी उष्णता केबिनमध्ये निघून जाते. माथ्यावर पोचल्याबरोबर चावी काढू नका, दोन-तीन मिनिटं न्यूट्रलला चालू द्या, टर्बोला ते लागतं. तुमच्या धंद्यात मांडवाच्या कापडाची तुसं आणि गवत इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जाऊन बसतं. वरून पाणी मारून ते निघत नाही, आतल्या बाजूने बाहेर मारावं लागतं. पंखा व्हिस्कसचा (गरम झाल्यावर क्लच आपोआप घट्ट धरणारा) असेल तर गरम इंजिन बंद करून हाताने फिरवून बघा. भिरभिर मोकळा फिरला तर त्याचा क्लच मेलाय, आणि घाटातला तो वर गेलेला काटा कदाचित एवढ्यानेच गेला असेल.

शेवटी ट्रॉलीचे कागद. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही वाहनच धरला जातो, त्याची वेगळी नोंदणी लागते. तुमच्या टेम्पोला किती वजन ओढायची परवानगी आहे ते कंपनीच्या पुस्तिकेत बघा आणि विम्याच्या पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख आहे का ते एजंटला लेखी विचारा. तोंडी ‘हो हो, चालतंय’ घेऊ नका.